शिगेची पेटी

पेटीताईच्या तोंडात खिळे असताना तिच्याशी वाद घालायची कोणाची छाती नव्हती. उत्तर द्यायचं तर तिला आधी चार-पाच खिळे एकेक करून तळहातावर काढावे लागत, आणि तेवढा वेळ ती समोरच्याकडे अशी बघत राही की माणूस आपला मुद्दा आपणच गुंडाळून घेई. तोंडातले खिळे काढण्याची वेळ तिच्यावर कोणी सहसा आणत नसे.

वय चौपन्न. बाजाराच्या रस्त्याला लागून तिची पत्र्याची शेड होती. आत चार लांब बाकं, लाकडाच्या गिरणीतून आलेल्या फळ्यांच्या थप्प्या, भिंतीलगत पाण्याचा एक उथळ हौद आणि ठोकाठोक करणाऱ्या नऊ बाया. हा धंदा वडिलांचा. त्यांना दोन मुलं, ताई थोरली आणि तिच्यापाठचा भाऊ. वडिलांनी दोघांच्याही हातात हातोडी देऊन पाहिली. धाकट्याचा खिळा जन्मात कधी सरळ गेला नाही. पण अंगात ताकद अशी की भरलेल्या दोन पेट्या तो दोन हातांत उचलून चालू लागे. गावाने त्याचं नाव पहिलवान ठेवलं, वडिलांनी त्याला ट्रक घेऊन दिला, आणि हातोडी ताईकडे राहिली. तेव्हापासून तीस वर्षं गावचा टोमॅटो ताईच्या पेटीत बसून पहिलवानाच्या ट्रकमधून बाजाराला जात होता. एकाचे दोन ट्रक झाले, पण बहीणभावांची मनं कधी दोन झाली नाहीत.

आता शिगेची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही. जवळच्या बाजारात टोमॅटो पेटीवर विकला जाई, वजनावर नाही. त्यामुळे पेटी काठोकाठ भरून वर ढिगासारखी शीग लावायची आणि त्या शिगेवरून झाकण ठोकायचं, अशी गावची रीत पडली होती. झाकणाचा फुगवटा जितका मोठा, तितका शेतकऱ्याचा हात मोठा. सपाट पेटी भरणाऱ्याच्या घरचा चहासुद्धा पातळ असतो, असं लोक म्हणत. हा फुगवटा ठोकणं हे येरागबाळ्याचं काम नव्हतं. झाकणाच्या पट्ट्या ताई आदल्या दिवशीच हौदात भिजत टाकी, ओल्या पट्ट्या टोमॅटोंवरून अलगद वाकवी आणि दोन्हीकडून खिळे असे मारी की पट्टी चिरत नसे आणि खालचं फळ दुखावत नसे. ती किती शीग घेऊ शकते याच्या पैजा लागत. तीस वर्षांत तिच्या एकाही पेटीचं झाकण वाटेत उघडलं नव्हतं, आणि हे ती स्वतःच्या तोंडाने कधी सांगत नसे, कारण सांगायला बाकीचं गाव होतं.

मग रूळ आले. आधी लोकांना वाटलं, बसून कुठेतरी जायची सोय झाली. पण खरी गंमत मालाची होती. हंगामात आसपासच्या झाडून साऱ्या गावांचा टोमॅटो एकाच वेळी पिकतो आणि तो सगळा त्या एकाच बाजारात जाऊन पडतो. दुपार झाली की व्यापारी तोंड फिरवतात आणि लोक भरल्या पेट्या रस्त्याच्या कडेला ओतून रिकाम्या हाताने घरी येतात. लांबच्या मोठ्या शहरात तोच टोमॅटो हवा असे, पण ट्रकने तिथे जायला दोन दिवस लागत, आणि दोन दिवसांत टोमॅटोचं काय होतं हे ट्रकच्या फळ्यांना विचारावं. रेल्वेने ते शहर बारा तासांवर आलं.

नव्या स्टेशनची मास्तर एक तरुण बाई होती. इतकी तरुण, की लोक तिच्यासमोर उभं राहून तिलाच विचारत, "मास्तर कुठे आहेत?" लवकरच सगळे तिला मास्तरबाई म्हणू लागले. तिने वरच्या ऑफिसात खेटे घालघालून गावासाठी मालाचा एक डबा मिळवला. अट एवढीच: आठवड्याला एक अशा आठ खेपा करून पाहायच्या. निम्म्या खेपांचा तरी माल धड पोचला तर डबा कायमचा. नाही पोचला तर थांबा बंद, आणि डबा पुढच्या कुठल्यातरी स्टेशनला.

पहिली खेप पोचली ती चटणी होऊन. दुसरीही तशीच. शेतकरी इंजिनाला दोष देऊ लागले, रुळांना देऊ लागले, मास्तरबाईला तर देऊ लागलेच. पहिलवान स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीवर मांडी ठोकून सांगत बसे, "रेल्वेला टोमॅटो काय कळतो? टोमॅटोला ड्रायव्हर लागतो. खड्डा दिसला की ज्याच्या पोटात गोळा येतो, असा!" लोक हसत, पण कडू हसत. पेटीला मात्र कोणी नाव ठेवलं नाही. पेटी ताईची होती.

ताईने तीन दिवस हे ऐकलं, चौथ्या दिवशी तोंडातले खिळे काढले आणि स्टेशनवर गेली.

"मास्तरबाई, तिसऱ्या खेपेबरोबर मी जाते. डब्यात बसून."

"डब्यात? ताई, अहो मालाच्या डब्यात माणसाला बसता येत नाही."

"नियमाचं पुस्तक असेल ना? बघा की त्यात."

मास्तरबाईने पुस्तक काढलं आणि बराच वेळ पानं उलटली. "जनावरांबरोबर एक माणूस जाऊ शकतो असं आहे. टोमॅटोंबद्दल काहीच लिहिलेलं नाही."

"म्हणजे नको असंही लिहिलेलं नाही," ताई म्हणाली. "टोमॅटो चावत नाहीत, लाथा मारत नाहीत. लिहा माझं नाव."

पहाटे उजाडताना गाडी हलली. चौपन्न वर्षांत ताईने रेल्वेत पाऊल ठेवलं नव्हतं, आणि ठेवलं ते थेट मालडब्यात, उलट्या पेटीवर बैठक मारून. दार हातभर उघडं होतं. बाहेर शेतं मागे जात होती, पण तिचं तिकडे लक्ष नव्हतं. ती हादऱ्यांची वाट पाहत होती. हादरे काही येईनात. पितळी तांब्यातलं पाणी नुसतं थरथरत होतं. भावाच्या ट्रकमध्ये हाच तांब्या पहिल्या मैलात लवंडला असता. मग टोमॅटो मरतात कशाने?

ती उठली आणि थप्पीच्या तळाशी वाकली. ट्रकमध्ये पेट्या एकावर एक पाच लागत, त्यापुढे दोर पुरत नसे. इथे डब्याच्या छतापर्यंत दहा लागल्या होत्या. तळच्या पेटीचा तो सुंदर फुगवटा पार सपाट झाला होता. तिने फटीतून बोट घातलं आणि बोट ओलं होऊन बाहेर आलं. वरच्या नऊ पेट्यांचं ओझं लाकडावर नव्हतंच, ते शिगेवर होतं. ज्या शिगेसाठी तिच्या नावाच्या पैजा लागत, तीच खालचा टोमॅटो चिरडत होती. ताईला रडूबिडू आलं नाही. राग आला, आणि तो दुसऱ्या कोणाचा नव्हता.

संध्याकाळी शहरच्या बाजारात तिने आणखी एक गोष्ट पाहिली. हमालाने लोखंडी पहार घेतली, ताईच्या पेटीच्या झाकणात खुपसली आणि एका झटक्यात झाकण उडवून टोमॅटो काट्यावर ओतले. मग दुसरी पेटी, मग तिसरी. इथे सगळं वजनावर होतं. फुगवट्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. दोन पिढ्या गावाने ज्याची मिरवणूक काढली, ते बघायला इथे कुत्रंही आलं नाही, असं तिला वाटलं.

पलीकडच्या गाळ्यात दुसऱ्या एका गावाचा माल उतरत होता. निळे प्लास्टिकचे क्रेट, एकावर एक बारा, कोपऱ्यावर कोपरा बसलेला, आणि आतला टोमॅटो काठाच्या दोन बोटं खाली, जसा झाडावरून उतरला तसा. ताई जवळ गेली. क्रेटचा कोपरा तिने अंगठ्याने दाबून पाहिला.

दोन्ही गावांचा माल घेणारा व्यापारी सज्जन होता. चहा मागवून तो म्हणाला, "बाई, तुमच्या लोकांना एकदा सपाट भरायला शिकवा. हात बसला आणि थांबा पक्का झाला की आम्हीच क्रेट पाठवू. रिकामे क्रेट गाडीने जातात, भरलेले गाडीने येतात. लाकडी पेटीचा खर्चच नको. शीग लावणाऱ्या गावांना मात्र देत नाही, एकावर एक बसत नाहीत हो. तुम्ही काय करता तिकडे?"

"मालाबरोबर आलेय," ताई म्हणाली आणि चहा संपवला.

परतीच्या प्रवासात तिच्या डोक्यात काय चाललं असेल ते सांगायला शहाणा माणूस नको. गावाला सपाट भरायला शिकवलं तर डबा टिकणार, आणि डबा टिकला तर पेटी जाणार. आपल्याच पायावर धोंडा मारून घ्यायचा, आणि तोही नेम धरून. ती गप्प राहिली असती तर आठ खेपा चटणी होऊन गेल्या असत्या, रेल्वे पुढच्या स्टेशनला गेली असती आणि तिची शेड आणखी वीस वर्षं ठोकत राहिली असती. कोणी तिला बोल लावला नसता. या बाईला हा हिशेब गाडीत बसल्या बसल्या समजला होता, आणि तरीही घरी आल्यावर तिने पहिल्यांदा काय केलं असेल, तर हौदातल्या भिजत्या पट्ट्या काढून उन्हात टाकल्या.

नवी पेटी तिने दोन दिवसांत बांधली. चार कोपऱ्यांना चार खुंट, बाजूच्या फळ्यांपेक्षा दोन बोटं उंच. वरची पेटी खुंटांवर बसेल, म्हणजे लाकूड लाकडाला पेलेल आणि टोमॅटो आत निवांत राहील. झाकण सपाट, कोरड्या पट्ट्यांचं. पहिलवानानेसुद्धा ठोकलं असतं इतकं सोपं. नऊ बायांपैकी चौघींना तिने ठोकायचं सोडून टोमॅटो निवडायला बसवलं. आज खायचा कुठला, दोन दिवसांनी खायचा कुठला, देठाजवळचा रंग कसा पाहायचा, हे ती त्यांना रोज शिकवू लागली. बाया कुरकुरल्या, आम्ही काय टोमॅटो कधी पाहिले नाहीत? ताई म्हणाली, "पाहिलेत, निवडले नाहीत." का शिकवतेय, ते मात्र तिने सांगितलं नाही. शिगेचं काय झालं ते तिने सगळ्या गावाला सांगितलं. क्रेटबद्दल अवाक्षर काढलं नाही.

गाव ऐकेल तर ते गाव कसलं! "ताईला शहराचं वारं लागलं," असं म्हणून चौथी खेप लोकांनी हट्टाने शिगेचीच भरली. ती तशीच बुडाली. तरीही सपाट पेटी भरायला हात धजेना. अर्धवट भरलेली पेटी लोकांपुढे आणायची म्हणजे फाटके कपडे घालून पाहुण्यांसमोर येण्यासारखं वाटत होतं.

आणि पहिलवान एका दुपारी शेडमध्ये येऊन उभा राहिला. आवाज चढवला नाही, तेच वाईट होतं.

"ताई, डबा टिकला तर बाजाराला माझा ट्रक कोण बोलावणार? तू माझ्या पोटावर पाय देतेस."

ताईने तोंडातले खिळे काढले. सगळे काढले.

"हो रे, देतेय," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू? पण गेल्या हंगामात परतताना तू रस्त्याच्या कडेला किती गावांचा टोमॅटो ओतलेला पाहिलास? घरी येऊन जेवला नव्हतास तू."

पहिलवान फळ्यांच्या थप्पीला वळसा घालून निघून गेला.

पाचव्या खेपेच्या आदल्या दिवशी सकाळी ताईने स्टेशनच्या आवारात सगळ्यांना बोलावलं. दोन थप्प्या लावायच्या होत्या, एक शिगेच्या पेट्यांची, एक सपाट पेट्यांची, एकावर एक दहा, डब्यात लागतात तशाच. आठव्या पेटीपर्यंत बायांनीच लावल्या. त्यावर कोणाचा हात पोचेना. शिडी आणायला मास्तरबाई आत वळली, तेवढ्यात गर्दीतून पहिलवान पुढे आला.

आवारातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की दहावी पेटी वरून नुसती जरा जोरात टेकवली तरी खालचं काहीही फुटू शकतं. हात सटकला, एवढं म्हटलं की झालं. डबा जाईल, ट्रक राहतील, आणि कोणी शपथेवर सांगू शकणार नाही. पहिलवानाने शिगेच्या थप्पीवर नववी ठेवली, दहावी ठेवली. मग तो सपाट थप्पीकडे वळला. नववी ठेवली. दहावी डोक्यावर उचलली, टाचा उंचावल्या, आणि झोपलेलं मूल खाली ठेवावं तशी ती चारही खुंटांवर टेकवली. आवाजसुद्धा झाला नाही. मग तो घाम पुसत बाजूला जाऊन उभा राहिला आणि बहिणीकडे त्याने पाहिलं नाही.

लोक थांबले. चहा झाला, गप्पा झाल्या, ऊन डोक्यावर आलं. दुपारपर्यंत शिगेच्या थप्पीखाली लाल पाण्याचा ओघळ लागला आणि हळूहळू मास्तरबाईच्या पायरीपर्यंत गेला. सपाट थप्पीखालची जमीन कोरडी होती. ताईने तळची पेटी काढून उघडली. एकही टोमॅटो दबलेला नव्हता. गर्दीत गावचे सगळ्यांत म्हातारे आजोबा होते, ज्यांच्या शिगेची बरोबरी आजवर कोणी केली नव्हती. ते काठी टेकत पुढे आले, दोन्ही थप्प्या न्याहाळल्या आणि म्हणाले, "इतकी वर्षं आपण ही शीग दाखवत कोणाला होतो?" त्याच संध्याकाळी आजोबांच्या घरून पहिली सपाट पेटी आली.

उरलेल्या चारही खेपा धड पोचल्या. थांबा पक्का झाला. त्यानंतर रस्त्याच्या कडेला एकही पेटी ओतली गेली नाही, आणि ज्यांनी मास्तरबाईला शिव्या घातल्या होत्या तेच तिला टोमॅटोची टोपली घेऊन भेटायला जाऊ लागले. ती सगळ्यांना हात जोडून सांगे, "पुरे हो, आता मला स्वप्नातसुद्धा लाल दिसतं." परतीच्या डब्यातून खत येऊ लागलं, सिमेंट येऊ लागलं. सगळ्यांचं भलं झालं असं मात्र मी म्हणणार नाही. पहिलवानाला एक ट्रक विकावा लागला. उरलेल्या ट्रकने तो शेतापासून स्टेशनपर्यंत दिवसाला आठ-आठ फेऱ्या मारी, तीन-तीन मैलांच्या, आणि लांबच्या रस्त्याची आठवण निघाली की विषय बदली.

आणि एका सकाळी परतीच्या डब्यातून निळे क्रेट उतरले. तीनशे क्रेट, रिकामे, एकात एक. त्यांच्याबरोबर व्यापाऱ्याची चिठ्ठी होती की यापुढे लाकडी पेटीची गरज नाही. मास्तरबाईने ती मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि अर्ध्यावरच तिची घडी घातली. फलाटावरच्या बायांचे चेहरे उतरले. ताई पुढे झाली आणि म्हणाली, "रडायचं काय त्यात? निवडायला बसा. चौघींना येतं, त्या पाचजणींना शिकवतील. माल रात्री नऊला भरायचाय." बाया कामाला लागल्या. तिची शेड त्या दिवशी उघडली नाही, आणि ठोकण्याचा आवाज नसल्यामुळे बाजाराच्या रस्त्याला राहणारी माणसं दिवसभर उगाचच घराबाहेर येऊन बघत होती.

क्रेट न्यायला पहिलवानाचा ट्रक फलाटाला लागला होता. तो बहिणीच्या तोंडाकडे बघत राहिला. आश्चर्याचा लवलेशही तिथे नव्हता, आणि एवढं कळायला तो तिचा भाऊ होता.

"तुला माहीत होतं."

"त्या बाजारातच कळलं."

"तेव्हापासून? आणि मला म्हणालीस पोटावर पाय देतेय. स्वतःच्या पोटाचं का नाही सांगितलंस? गावाला तरी सांगायचंस!"

"गावाला सांगितलं असतं," ताई म्हणाली, "तर गावाने माझ्यासाठी शीग ठेवली असती."

पहिलवानाला हे खरं आहे हे माहीत होतं. मग त्याने क्रेटची पहिली चळत उचलली, आणि ती नीट आत सरकावी म्हणून ताईने ट्रकचं फळकं धरून ठेवलं.